एकोणीस कागदी बदाम

आमच्या बोटीवर व्हॅलेंटाइनच्या दिवसाचा एकच नियम आहे: विकत आणलेलं काही द्यायचं नाही. पहिल्या वर्षी लॅक्लननं माझ्यासाठी काचेची फुलदाणी आणली होती. तिसऱ्या दिवशी एका लाटेनं ती टेबलावरून उचलली आणि माझ्याच पायावर फोडली. तेव्हापासून बोटीवर जे आहे त्यातूनच काय ते करायचं.

दुसरी एक रीत आहे, ती आम्हा मायलेकींची. आजूबाजूला नांगर टाकून असलेल्या प्रत्येक बोटीच्या कठड्याला, चौदा तारखेला उजाडता उजाडता, एक कागदी बदाम बांधून यायचा. छोट्या होडीचं इंजिन लावायचं नाही, वल्ही मारत जायचं, चाहूल लागू द्यायची नाही. बदाम कोण बांधतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी सगळे आपापल्या बोटीत झोपेचं सोंग घेऊन पडून राहतात. संत व्हॅलेंटाइनसाठी एवढं तरी त्यांनी करावं.

यंदा एकोणीस बोटी होत्या, म्हणून एकोणीस बदाम. तेरा वर्षांची कर्स्टी कंटाळत वल्हवत होती, सात वर्षांची उना गाठी मारत होती आणि मी मागे बसून आभाळ बघत होते. हवा दक्षिणेची, उबदार, आणि इतकी मंद की पाण्यावर तेल ओतल्यासारखं दिसत होतं. मला ते आवडलं नाही.

खरं तर आदल्या दिवसापासूनच मला करमत नव्हतं. रविवारी बेटावरच्या गावातल्या चर्चमध्ये ब्रदर इझिकिएल महापुरात तारू बांधणाऱ्या नोहाच्या बायकोवर बोलले. बोलले म्हणजे पहिली दहा मिनिटं बोलले. मग त्यांचा आवाज सुरात चढू लागतो, दर वाक्याच्या शेवटी छातीतून एक हुंकार येतो, ऑर्गनवाली बाई मागून हात देते आणि मग हे प्रवचन की गाणं, ते देवच जाणे.

"चाळीस दिवस!" ब्रदर गात होते. "नवरा, तीन मुलगे, तीन सुना आणि वर हत्ती! बायांनो, तिचं नाव कुणी लिहून ठेवलं का?"

"नाही लिहिलं!" बायका ओरडल्या.

"पण भाकरी कुणी भाजली?"

"तिनंच!"

"आणि गळती आधी कुणाला दिसली?"

"तिलाच, ब्रदर, तिलाच!"

मी इतकी हसले आणि इतकी रडले, की उनानं माझी बाही ओढून विचारलं, "आई, तू नक्की काय करतेयस?" अशा वेळी माझं मन भरून येतं, त्याला माझा इलाज नाही. पण परतताना ते गळतीचं वाक्य डोक्यात बसलं ते बसलंच. संध्याकाळी मी बोटीच्या फळ्या उचलून तीनदा तळ बघितला. तळ कोरडा ठणठणीत होता.

"काय शोधतेयस?" लॅक्लननं विचारलं.

"काही नाही."

"मग सापडलं की सांग."

तर चौदा तारखेला बदाम बांधून आम्ही परत आलो तेव्हा लॅक्लन सुकाणूपाशी उभा होता. समोर एक बादली, वरून टॉवेल झाकलेला. टॉवेल काढला तर आत काठोकाठ गोडं पाणी, चुलीवर कोमट केलेलं.

"केस धू," तो म्हणाला. "सगळं तुझं. मुलींनी एक थेंब मागितला तर बोटीवरून उतरवीन."

जमिनीवर राहणाऱ्या बाईला हे कळायचं नाही. आमच्याकडे गोडं पाणी गावातल्या नळावरून डब्यांनी येतं आणि केस म्हटले की दोन मग, तेही मोजून. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण त्या बादलीकडे बघून मी नव्या नवरीसारखी लाजले. कर्स्टी म्हणाली, "शी, तुम्ही दोघं पण ना," आणि आत निघून गेली.

मी डोक्याला साबण लावला आणि आठ वाजले.

आठ वाजता आमची रेडिओसभा भरते. सगळ्या बोटी एकाच वाहिनीवर येतात. कुणाकडे जास्तीचा कांदा आहे, कुणाची होडी सुटून वाहत गेली, हवा काय म्हणते. सभा चालवतात वेंडेल, ओहायोचे निवृत्त पोस्टमन, एकटेच राहतात. रोज एखादा विनोद सांगून सुरुवात करतात. त्या दिवशी विनोद झाला नाही.

"मंडळी, बदामाबद्दल आभार, आता नीट ऐका. उत्तरेचं थंड वारं उद्या रात्री येणार होतं ना, ते आज संध्याकाळी पाचला येतंय. दक्षिण, मग पश्चिम, मग उत्तर. पश्चिमेचा जोर ताशी चाळीस मैलांच्या वर. मिमोझा सहालाच निघून गेली. बाकीच्यांनी काय ते ठरवा."

आमचं बंदर पश्चिमेला सताड उघडं आहे. पश्चिमेचं वारं सुटलं की समोरच्या खोल पाण्यातून लाटा सरळ आत येतात आणि मागे खडकांचा किनारा. नांगर सुटला तर बोट दहा मिनिटांत त्या खडकांवर. आणि बोट म्हणजे आमचं घर. लूननबर्गचं घर विकून घेतलेलं. दुसरं नाही. पुढचं सुरक्षित बंदर पन्नास मैलांवर, म्हणजे आमच्या चालीनं दहा तास. मिमोझासारखी लांब, वेगवान बोट असती तर गोष्ट वेगळी.

लॅक्लन मात्र शांत होता. "आपण खाडीत जाऊ," तो म्हणाला. "दुपारी एकला भरती आहे. साडेअकराला नांगर उचलू. मोराग, तो नकाशा दे गं."

बेटाच्या दक्षिण टोकाला तिवरांच्या जंगलात एक खाडी शिरते. आत तळ्यासारखं शांत पाणी, चारी बाजूंनी झाडं. पण तोंडापासून आतपर्यंतची वाट अरुंद आणि नागमोडी. छापील नकाशात तिथे नुसता हिरवा डाग आहे, यंत्रातल्या नकाशातही तोच डाग. गावातले कोळी सपाट बुडाच्या होड्या घेऊन जातात, त्यांना गुडघाभर पाणी पुरतं. आमच्या 'मर्सी'च्या बुडाखालच्या कण्याला साडेपाच फूट लागतं. म्हणून गेल्या वर्षी आम्ही नवराबायको दोन दिवस छोट्या होडीत बसून ती वाट मोजली होती. मी शिशाचं वजन बांधलेली दोरी टाकायची, आकडा ओरडायचा, त्यानं पेन्सिलीनं लिहायचा.

"कुठे ठेवलायस?" मी साबणाच्या हातानं विचारलं.

"गुंडाळीत. फंडीच्या उपसागराच्या नकाशाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काढला होता, मोठा कागद मिळावा म्हणून."

मी तशीच उभी राहिले. साबण डोळ्यांत उतरला तरी मला पुसायचं सुचेना.

मागच्या आठवड्यात मीच त्याला विचारलं होतं, बदामांसाठी जाड कागद हवा आहे, जुने नकाशे घेऊ का? तो इंजिनात डोकं घालून बसला होता. म्हणाला, फंडीचे सगळे घे, तिकडे आता कोण जातंय. मी घेतले. मागे पेन्सिलीचे आकडे दिसले होते मला. पण याच्या प्रत्येक नकाशावर पेन्सिल असते. उना म्हणालीही, "आई, इथे बाबांनी लिहिलंय," आणि मी म्हणाले, असू दे गं, बदामावर छान दिसेल.

मी खाली जाऊन गुंडाळी उलगडली. एकदा, दोनदा. आहे ते नाही होत नाही आणि नाही ते आहे होत नाही, तरी माणूस बघतो. कर्स्टी दारात येऊन उभी राहिली. माझ्या तोंडाकडे बघून तिला कळलं.

"आई. तो नव्हता ना?"

"तोच होता."

"बाबांना सांगितलंस?"

"सांगते."

"कधी?"

"सांगते म्हटलं ना!"

वर येऊन मी सांगितलं. लॅक्लन चिडला की बोलत नाही, दोऱ्या गुंडाळायला लागतो. त्यानं आधीच गुंडाळलेली एक दोरी सोडली आणि पुन्हा गुंडाळली. मग म्हणाला, "फोटो काढून ठेव असं मला कोणीतरी म्हणालं होतं."

"मी म्हणाले होते. दोनदा."

"हं."

"आणि फंडीचे सगळे घे असं मला कोणीतरी म्हणालं होतं."

"हं," तो पुन्हा म्हणाला आणि दोरी खाली ठेवली. "किती बदाम?"

"एकोणीस."

"मग बोलाव."

"रेडिओवर? सगळ्यांसमोर?"

"तू नको बोलावूस, मी मरेन," कर्स्टी म्हणाली. "आई, प्लीज, मी खरंच मरेन."

"मग पाचच्या आत मर," लॅक्लन म्हणाला, "नंतर गर्दी होईल."

मी रेडिओ उचलला. "सगळ्या बोटींना, मर्सीकडून. आज सकाळी तुमच्या कठड्याला जो बदाम बांधलाय, तो परत हवाय."

वेंडेलचा आवाज आला. "मोरागबाई, माझं लग्न मोडलं तेव्हासुद्धा बायकोनं चौदा फेब्रुवारी उलटू दिला होता."

हसण्याचा आवाज चार-पाच बोटींवरून रेडिओशिवायच ऐकू आला. मी सगळं सांगितलं. खाडीची वाट त्या बदामांच्या पाठीवर आहे हे कळल्यावर हसणं थांबलं. तिथल्या निम्म्या बोटींना तीच खाडी हवी होती.

मग होड्याच होड्या. अर्ध्या तासात जो तो आपला बदाम घेऊन आमच्या बाजूला लागला. साबण लावलेल्या डोक्यानं मी कठड्यावरून वाकून बदाम घेत होते. तोवर वारं किंचित फिरलं होतं, दक्षिणेकडून जरा पश्चिमेकडे, आणि कागद हातात थरथरत होते. आत टेबलावर आम्ही ते मांडायला लागलो. प्रत्येकावर चमचा, कप, मिठाची बरणी. एका बाजूला फंडीचा किनारा जुळवायचा, मग उलटून दुसऱ्या बाजूचे आकडे बघायचे. बदामांमधली कातरणं कचऱ्याच्या पिशवीत सापडली, कॉफीच्या चोथ्यासकट. उना ती एकेक करून चड्डीला पुसत होती.

"हा वेंडेलचा," ती म्हणाली. "याच्यावर मी लिहिलंय, तुम्ही एकटे नाही."

"त्याच्यावर चार लिहिलंय," लॅक्लन म्हणाला. "ओहोटीचे चार, म्हणजे भरतीला साडेसहा. ठीक. पुढचा?"

खाडीचं तोंड जुळलं. पहिला सरळ भाग जुळला. आतलं तळं पुरतं जुळलं. अठरा बदाम आले होते. जिथे वाट डावीकडे वळते, त्या वळणाच्या जागी टेबलाचं लाकूड दिसत होतं.

"मिमोझा," कर्स्टी म्हणाली.

मिमोझा म्हणजे क्वेबेकची ओदिल आणि तिचा नवरा अर्मां. सकाळी आमच्या मागोमाग निघालेले. आमची हाक वीस मैलांपर्यंत कशीबशी जाते. तरी मी दहा वेळा हाका मारल्या. उत्तर आलं नाही.

"तुला आठवतंय का वळणावर काय होतं?" मी लॅक्लनला विचारलं.

"लिहिलं की मी विसरतो. म्हणून तर लिहितो. तुला?"

मला आठवत होतं ते एवढंच: प्रचंड ऊन, चिलटं आणि त्यानं एक आकडा तिसऱ्यांदा विचारल्यावर मी त्याच्यावर ओरडले होते. तो आकडा कुठला, ते नाही.

दहा वाजले. सात बोटी आमच्या मागून यायच्या म्हणून तयार होत होत्या; बाकीच्यांना कमी पाणी पुरतं, त्या बेटाआडच्या उथळात निघाल्या होत्या. आम्ही वळणावर रुतलो तर त्या आमच्या मागे अरुंद वाटेत अडकणार, आणि एकनंतर पाणी उतरायला लागणार. लॅक्लन सुकाणूपासून डोलकाठीपर्यंत आणि तिथून परत येरझाऱ्या घालत होता.

"मी होडीत बसून पुढे जाते," मी म्हणाले. "दोरी टाकत. वळणावर मी सांगेन तसं तू बोट घाल."

"मी जातो पुढे."

"आणि बोट कोण चालवणार? त्या वाटेत मला चालवता येणार नाही, तुला माहितीये."

तो पुन्हा डोलकाठीकडे निघाला.

"पाणी मोजायला माझ्यावर विश्वास आहे का नाही?"

"आज?" तो म्हणाला.

मला हसू आलं नाही. त्यालाही नाही आलं. मग त्यानं बादलीतलं उरलेलं पाणी माझ्या डोक्यावर ओतलं, साबण निघेपर्यंत, एका हातानं माझे डोळे झाकून. सगळी बादली संपली. "जा," तो म्हणाला. "भरती चढत असताना शिरू. रुतलो तर पाणी आपल्याला उचलेल. एकच्या नंतर नाही उचलणार."

साडेअकराला नांगर निघाला. कर्स्टी माझ्याबरोबर होडीत आली, इंजिन सांभाळायला. सकाळची कंटाळलेली मुलगी कुठे गेली होती कोण जाणे. ओठ घट्ट मिटून बसली होती. उना सुकाणूजवळ बदामांचे आकडे वाचून बाबांना सांगत होती. मागे सात बोटी, रांगेनं, शिडं उतरवलेली.

खाडीच्या तोंडाशी मी दोरी टाकली. "सात!" मी ओरडले. लॅक्लननं हात वर केला. मागच्या बोटीनं "सात!" म्हणून तिच्या मागच्या बोटीला सांगितलं, आणि तो आकडा बोटीबोटीतून मागे जात वेंडेलपर्यंत पोचला. "साडेसहा! साडेसहा! सात!" सरळ भाग संपला. पुढे तिवरांची भिंत आणि डावीकडे वळण.

वळणावर पाणी दोन्हीकडे एकाच रंगाचं होतं. ऊन ढगाआड गेलेलं, तळ दिसेना. डाव्या अंगाला जागा रुंद होती, उजवीकडे झाडं पार पाण्यात उतरलेली. कुणीही डावीकडेच गेलं असतं. मी दोरी टाकली. "सहा!" पुन्हा टाकली. "सहा!" आणि डावा हात दाखवला.

मर्सी डावीकडे वळली आणि थांबली. आवाज काही झाला नाही. नुसती थांबली, डोलकाठी एकदा पुढे झुकली, बस. उना घाबरून ओरडली. माझ्या दोन फेकींच्या मधे वाळूचा एक उंचवटा होता आणि तो मला लागला नव्हता.

लॅक्लननं इंजिन उलटं फिरवलं. पाणी गढूळ झालं. बोट हलेना. मागून कुणीतरी ओरडलं, "किती वाजले?"

"बारा पाच!" वेंडेलचा आवाज आला. "घाई नको, पाणी चढतंय!"

घाई नको म्हणे. दोरीला पडलेला पीळ मी सोडवला. देवा, मी म्हणाले, गळती मला आधी दिसू दे. दुसरं काही सुचलं नाही. मग मी कर्स्टीला म्हणाले, "उजवीकडे घे. झाडांपाशी."

"आई, तिथे मुळं आहेत."

"घे."

फांद्या आमच्या डोक्याला लागत होत्या. मी दोरी सोडली आणि ती गेली, गेली, माझ्या हातातून आणखी सरकली. साडेसात. एक हात पुढे, साडेसात. आणखी पुढे, सात. ओहोटीचं पाणी वळणाच्या बाहेरच्या अंगानं जोरात घासत जातं, म्हणून तिथेच तळ खोल झाला होता. गेल्या वर्षी मी नेमकं याच जागी ओरडले असणार, कारण लॅक्लनचा त्या आकड्यावर विश्वास बसत नव्हता.

मागे मर्सी हळूच डोलली. पाण्यानं तिला उचललं होतं.

"लॅक्लन! उजवीकडे! झाडांना चिकटून!"

"काय?"

"झाडांना चिकटून! साडेसात आहे!"

"मोराग, तिथे झाडं आहेत!"

"म्हणून तर चिकटून म्हणतेय!"

तो सुकाणू धरून माझ्याकडे बघत राहिला. तीस हात अंतर होतं आमच्यात. मीही त्याच्याकडे बघत राहिले. दुसऱ्यांदा चुकले असते तर पुन्हा उचलायला पाणी पुरलं असतं की नाही, देव जाणे. मग त्यानं सुकाणू फिरवलं.

बोट फांद्यांत शिरली. डोलकाठीच्या तारांवर फांद्या करकरत घासल्या, पानं, काटक्या, खेकडे धपाधप कठड्याच्या आत पडले. उना आधी किंचाळली आणि मग खेकडे मोजायला लागली. मी दोरी टाकत राहिले. साडेसात. सात. सात. आणि मग झाडं मागे सरली, समोर तळं आलं, गुळगुळीत, तपकिरी, आणि मर्सी त्यात शिरली.

"साडेसात, उजवीकडून, झाडांना चिकटून!" लॅक्लन मागे वळून ओरडला. तो निरोप मागे गेला. एकामागून एक सात बोटी फांद्या मोडत आत आल्या. वेंडेल सगळ्यांत शेवटी, डोक्यावर पाला घेऊन.

तीनपर्यंत आम्ही दोन नांगर टाकले आणि चारी बाजूंनी झाडांच्या बुंध्यांना दोऱ्या बांधल्या. चार वाजता वाटेतल्या एका मोठ्या बोटीनं निरोप पोचवला की मिमोझा पन्नास मैल दक्षिणेच्या बंदरात पोचली आहे. मी देवाचे आभार मानले आणि कठड्यावर बसले, आणि बसवेना म्हणून लगेच उठले.

पाचला दहा मिनिटं असताना दक्षिणेचं वारं पडलं. एकही पान हलेना. मग पश्चिमेकडून एक आवाज आला, दूरवर कुणी मोठं कापड फाडत असल्यासारखा, आणि सगळं तिवरांचं रान एका बाजूला वाकलं. पाऊस आडवा आला. तारा किंचाळायला लागल्या. झाडांच्या फटीतून आम्ही जिथे सकाळपर्यंत होतो त्या बंदराची दिशा दिसत होती. तिथे पाणी नव्हतं, नुसता पांढरा फेस आणि वर उडणारा फवारा.

आमच्या तळ्यात लाट नव्हती. बोट दोऱ्यांवर ताणली जाई, सैल होई, पुन्हा ताणली जाई.

"आत चला ना," कर्स्टी दारातून म्हणाली. "मी पॅनकेक करतेय. काही होत नाहीये दोऱ्यांना."

"आलोच," लॅक्लन म्हणाला आणि पुढच्या दोऱ्या बघायला गेला.

"आलेच," मी म्हणाले आणि मागच्या बघायला गेले.

तो डाव्या बाजूनं पुढे, मी उजव्या बाजूनं मागे. मग तो उजव्या बाजूनं मागे, मी डाव्या बाजूनं पुढे. प्रत्येक गाठ हातानं चाचपायची, झाडाकडे बघायचं, पुढे सरकायचं. दर फेरीला डोलकाठीपाशी आमची गाठ पडायची.

"बस ना जरा," तो म्हणाला.

"तू बस."

पुढच्या फेरीला तो म्हणाला, "पुढची उजवी घट्ट केली."

"मागची डावी मी केली."

त्याच्या पुढच्या फेरीला पावसानं काही ऐकू येत नव्हतं. त्यानं माझे ओले केस कपाळावरून मागे सारले, काहीतरी म्हणाला, मी "काय?" म्हणून ओरडले, त्यानं मान हलवली आणि तो पुन्हा पुढच्या दोऱ्यांकडे गेला. मी मागच्या बघायला वळले.